‘श्यामची आई’ घ्यायची तर अख्खी घ्या

या परीक्षणात पुस्तक एकच आहे, प्रती मात्र तीन. पुस्तक साने गुरुजींचं ‘श्यामची आई’. बार्शी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ग्रंथपाल आहे. नववीच्या वाचन तासाला प्रत्येक बाकावर एक प्रत असावी असं ठरलं, म्हणून तीन ठिकाणच्या तीन प्रती नमुन्याला मागवल्या. कागद, बांधणी, टाइप यांबद्दल लिहितेच. पण नमुन्याच्या प्रती टेबलावर पडल्यापासून स्टाफरूममध्ये आणि वर्गात या पुस्तकावरून जी भांडणं झाली, ती ऐकून माझं एक मत पक्कं झालंय: निम्मं भांडण कोणी किती पुस्तक वाचलंय, यावरून होतं.

बाजारात याच्या इतक्या आवृत्त्या का, ते आधी सांगते. गुरुजी ११ जून १९५० ला गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे २०११ उजाडल्यापासून हे पुस्तक कुणीही छापावं, आणि छापलंही. आमच्या लहानपणी घरोघरी पुणे विद्यार्थी गृहाची प्रत असायची. आता ग्रंथप्रदर्शनात गेलं की एकाच टेबलावर पाच-सहा वेगवेगळ्या आया दिसतात. कुणी चुलीपाशी, कुणी तुळशीपाशी. एका मुखपृष्ठावर तर आई भरजरी नऊवारीत, गळ्यात ठुशी, केसांत गजरा. घर उभं राहावं म्हणून अंगावरचं सोनं काढून देणारी बाई ती! चित्रकाराने पुस्तक उघडलं होतं का, हा प्रश्न मी विक्रेत्याला विचारला. तो म्हणाला, “मॅडम, हेच जास्त जातं.”

पहिली प्रत जुन्या वळणाची, पूर्ण. ‘प्रारंभ’ आणि त्यापुढे बेचाळीस रात्री. हो, या पुस्तकात प्रकरणांना ‘रात्र’ म्हणतात, कारण आश्रमात रोज रात्री श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, अशी सगळी रचना आहे. कागद पिवळसर, टाइप जरा बारीक, पण बांधणी शिवणीची. हे महत्त्वाचं. नुसत्या डिंकावर चिकटवलेली पुस्तकं आमच्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तडकतात आणि जूनमध्ये पानं हातात येतात. या प्रतीत शब्दार्थ नाहीत, ही उणीव. ओटी, पडवी, खोत हे आमच्या मुलांना सांगावं लागतं. लाडघर, पालगड, दापोली कुठे आहे हे नकाशात दाखवावं लागतं. एखाद्या प्रकाशकाने मागे चार पानांच्या टिपा आणि दापोली तालुक्याचा छोटा नकाशा टाकला, तर मी डोळे मिटून शंभर प्रती घ्यायला लावीन.

दुसरी प्रत चकचकीत. रंगीत चित्रं, जाड कागद, मोठा टाइप. मुलांनी आधी हीच उचलली. ही ‘मुलांसाठी संक्षिप्त’. प्रत्येक प्रकरणाखाली पिवळ्या चौकटीत तात्पर्य आणि खाली तीन प्रश्न. आश्रमातले मित्र गायब, रात्री गायब, श्याम थेट बोलायला लागतो. त्याहून वाईट म्हणजे, अख्ख्या पुस्तकाचा शेवटचा चतुर्थांश सव्वादोन पानांत उरकलाय. “पुढे घरची परिस्थिती बिघडली. आई आजारी पडली.” झालं. याबद्दल पुढे बोलू, कारण माझी खरी तक्रार इथेच आहे.

तिसरी प्रत सगळ्यांत स्वस्त, मुखपृष्ठावर ‘संपूर्ण’ असं ठसठशीत. कागद इतका पातळ की पाठीमागची अक्षरं पुढे येतात आणि दोन ओळी एकदम वाचाव्या लागतात. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल बोलायलाच नको. छपाईत एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच, दोनदा लागलाय आणि पुढचा लागलेलाच नाही. त्यामुळे ‘अळणी भाजी’ एकदा वाचून झाली की पुन्हा तीच येते आणि ‘पुनर्जन्म’ नावाची एकोणिसावी रात्र पुस्तकात नाहीच. थोडक्यात, पुनर्जन्म झाला तो भाजीचा. विक्रेत्याला फोन केला तर बदलून देतो म्हणाला. बदलून आली, तीतही तेच.

आता भांडणं.

आमचे मराठीचे सर या पुस्तकाचे भक्त. ‘थोर अश्रू’ वाचताना त्यांचा आवाज अजून कापतो. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागेल म्हणून श्याम आईला लुगडं धोंड्यावर पसरायला लावतो, आणि आई पसरते. मग मनालाही घाण लागू नये म्हणून असंच जप, असं त्याला सांगते. सरांचं म्हणणं, हे सहावीच्या आत वाचून झालं पाहिजे, पुढे मन निबर होतं. विज्ञानाच्या बाईंना हे पुस्तक अजिबात आवडत नाही. त्यांचा मुद्दा ‘श्यामचे पोहणे’. पोरगा पाण्याला भिऊन लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, झोडपते आणि विहिरीवर पाठवते. “आपण वर्गात हात उगारला तर शिक्षण हक्क कायदा आडवा येतो आणि इकडे मारणाऱ्या आईचा धडा शिकवायचा?” असं त्या विचारतात. सर म्हणतात, त्या माराच्या मागची माया बघा. बाई म्हणतात, मारणारा प्रत्येक बाप हेच सांगतो. दोघांचं डबा संपेपर्यंत चालतं. या वादात मी बाईंच्या बाजूची आहे, फक्त एक गोष्ट सोडून: मारल्यानंतर त्या आईला काय वाटतं, हेही त्याच प्रकरणात आहे, आणि बाईंनी ते शाळेत असताना वाचलेल्या धड्याच्या आधारावरच मत बनवलंय.

मुलांची मतं याहून मजेदार. ‘अळणी भाजी’ माहीतच असेल. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील तिला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप खातात, मुलांनाही बोलू देत नाहीत. शेवटी ती स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पहिल्याच घासाला सांगितलं असतं तर तिला मीठ तरी घालता आलं असतं. आता तिची एकटीची भाजी अळणीच राहिली ना? ती शेवटी जेवते म्हणून तिला शेवटी कळलं.” वर्ग हसला. सर घटकाभर गप्प झाले. मला वाटतं, या प्रकरणावर इतकं नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. पिवळ्या चौकटीत मात्र तात्पर्य आहे: दुसऱ्याचे मन दुखवू नये. त्याच्या खाली प्रश्न: या पाठातून तुम्हाला कोणता बोध मिळतो? बोध काय लिहायचा हे वर छापलेलंच आहे, मुलं उतरवून काढतात.

‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणावर आमच्या इतिहासाच्या सरांचं मत वेगळं आहे. ते स्वतः ज्या वस्तीतून आले, त्या वस्तीतली म्हातारी त्या गोष्टीत आहे: मोळी खाली पडलेली महार म्हातारी, आणि शिवाशिवीपायी तिला हात लावायला कुणी तयार नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि पुढे सांगते, घरी आल्यावर आंघोळ कर. इतिहासाचे सर म्हणतात, “हे प्रकरण शिकवाच, पण आंघोळीचं वाक्य मोठ्याने वाचा.” मी संक्षिप्त प्रत काढून पाहिली. आंघोळीचं वाक्य तिथे नाही! कापणाऱ्याला वाटलं असेल, आईची प्रतिमा कशाला डागाळायची. पण ते वाक्य काढलं की ती बाई कुठल्या काळात, कुठल्या गावात, कुठल्या ओटीवर उभी राहून हे सांगतेय, ते सगळंच जातं. सर पुढे असंही म्हणाले की, ज्याने हे वाक्य प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, तोच माणूस मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला आणि ते खुलं झालं. आईने अर्ध्यावर सोडलेलं काम मुलाने पुढे नेलं, असं त्यांचं वाचन. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे मुलांनी ही गोष्ट कान देऊन ऐकली. मराठीचे सर इतकी वर्षं हे प्रकरण शिकवताना त्या वाक्यावरून नुसतेच पुढे जात होते, असं त्यांनीच तिथे सांगितलं.

पुण्यात नोकरीला असलेला आमचा एक माजी विद्यार्थी दिवाळीत भेटायला येतो. त्याचं मत एका शब्दाचं: रडकं. त्याऐवजी ‘बनगरवाडी’ लावा म्हणतो. १९५५ ची व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर गेलेला कोवळ्या वयाचा मास्तर, कुठे उपदेश नाही, कुणी डोळे पुसत नाही. सूचना चांगलीच आहे, मी दोन प्रती मागवल्याही. पण दुष्काळ पडून अख्खी वाडी उठून जाते, त्या शेवटापेक्षा ‘श्यामची आई’ जास्त रडकी कशी, ते त्याने मला पटवून द्यायचं बाकी आहे. माडगूळकरांचा मास्तर रडत नाही, वाचणारा रडतो. इथे श्याम इतका रडतो की वाचणाऱ्याला वाव राहत नाही, हे मात्र खरं. प्रत्येक गोष्टीनंतर भारतीय संस्कृती, मातृप्रेम, गीता यांवर एखादं लांबलचक चिंतन येतं, तेही जड जातं. मी मुलांना स्पष्ट सांगते: प्रवचन आलं की खुशाल दोन परिच्छेद ओलांडा, गोष्ट पुढे तुमची वाट बघत असते. मराठीच्या सरांना हे सांगू नका.

सासूबाईंना पुस्तकाबद्दल काही बोलायचंच नव्हतं. त्यांची ‘श्यामची आई’ म्हणजे अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, वनमालाबाई आणि छोटा माधव वझे. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, हे त्या अजून अभिमानाने सांगतात. पुस्तक त्यांनी वाचलंय की नाही हे मी विचारलं नाही.

आता माझ्या तक्रारीकडे येते. माझ्या आठवणीतले या पुस्तकाचे धडे बहुतेक पहिल्या अर्ध्यातले. मुकी फुलं, थोर अश्रू, पत्रावळ, पोहणं, अळणी भाजी. गोड गोष्टी, शेवटी शिकवण. त्यामुळे ज्याने धडाच वाचला, त्याच्या मते हे संस्कारांचं पुस्तक: आवडलं तर पवित्र, नावडलं तर रडकं. पण बत्तिसाव्या रात्रीपासून पुढची शीर्षकंच वाचा: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘गरिबांचे मनोरथ’, ‘वित्तहीनांची हेटाळणी’, ‘आईचे चिंतामय जीवन’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’, ‘अब्रूचे धिंडवडे’. त्यानंतर आईचं शेवटचं आजारपण. बत्तीस ते सदतीस ही ओळीने सहा प्रकरणं सावकाराची आहेत. खोताचं एके काळचं घराणं, भाऊबंदकी, कोर्टकचेऱ्या, वाटण्या, गवताचं छप्पर, आणि व्याज. वसुलीला आलेला माणूस ओटीवर बसून त्या बाईबद्दल नको ते बोलतो आणि ती बाहेर येऊन त्याला असं सुनावते की, मातृप्रेमाची मूर्ती म्हणून तिला जो हार घातलेला असतो तो गळून पडावा. पोहण्याच्या प्रकरणात भित्रेपणा खपवून न घेणारी तीच ही बाई. दोन्ही प्रकरणं वाचली की मग तो मार कुठून आला, ते जरा उमगतं. समर्थन होत नाही, पण उमगतं.

संक्षिप्त प्रतीत हेच सव्वादोन पानं.

वाचन तासाला मी पूर्ण प्रतीतली सदतिसावी रात्र वाचायला दिली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, सहसा खिडकीबाहेर बघणारा, त्या दिवशी तास संपला तरी उठला नाही. नंतर टेबलाशी आला आणि विचारलं, “मॅडम, जप्तीची दवंडी अजून देतात का?” मी म्हटलं, आता दवंडी नसते, बँक नोटीस दाराला चिकटवते आणि पेपरात छापते. तो म्हणाला, “म्हंजे गावात कळतंच की.” मग म्हणाला, “याच्यात आईपेक्षा सावकारच जास्त आहे. पुस्तकाला नाव चुकीचं दिलंय.” त्याच्या घरचं मला थोडंफार ठाऊक आहे. सोयाबीनचा भाव पडला की कुठल्या घरात काय होतं, हे इथे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्याने ती प्रत घरी नेली. परत आणली तेव्हा बत्तीस ते सदतीस या रात्रींच्या पानांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, बाकीचं पुस्तक कोरं. ‘थोर अश्रू’ त्याने उघडलेलंसुद्धा नसावं. मी नियमाप्रमाणे दंड लावायला हवा होता. लावला नाही.

आता या मुलाला चकचकीत प्रत दिली असती तर? “पुढे घरची परिस्थिती बिघडली” या एका वाक्यावरून तो खिडकीबाहेर गेला असता.

आणखी एक गोष्ट पूर्ण प्रतीतच कळते. श्याम हा आज्ञाधारक, देवभोळा, गोड मुलगा असा सगळ्यांचा समज. पण तो पुण्यात मामाच्या घरून पळून जातो, शहाणा व्हायच्या हावेपायी चोरी करतो. आणि आई जाते तेव्हा तो तिच्याजवळ नसतो. शिकायला दूर असतो, पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. हे सांगणारा कुणी लहान मुलगा नाही. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत हे पुस्तक लिहून काढणारा तिशीतला माणूस आहे, सत्याग्रहात शिक्षा भोगणारा, त्याआधी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये मास्तरकी केलेला. आश्रम, रात्री, ऐकणारे मित्र ही चौकट काढून टाकली की त्या पश्चात्तापाचा आवाजच जातो आणि मागे उरतो तो शहाण्या बाळाचा. मग मुलं त्याला ‘चम्या’ म्हणतात, त्यात त्यांचं काय चुकलं?

ही कादंबरी म्हणायची की आठवणी, यावर आमच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा अर्धा तास घेतला होता. दाखल नोंदवहीत ती कादंबरी विभागात आहे आणि मी निवृत्त होईपर्यंत तिथेच राहील.

तर खरेदीचं असं. पाचवी-सहावीच्या मुलासाठी घेत असाल तर पूर्ण प्रत घ्या आणि स्वतः वाचून दाखवा, सुरुवात ‘मोरी गाय’ किंवा ‘तीर्थयात्रार्थ पलायन’पासून केली तरी चालेल. नववी-दहावीच्या मुलाच्या हातात सरळ द्या, प्रवचनं ओलांडायची परवानगी देऊन. विकत घेण्याआधी अनुक्रमणिका उघडून बघा: बेचाळीस रात्री मोजा, बत्तिसावी ते सदतिसावी आहेत का बघा, आणि ‘देवाला सारी प्रिय’मध्ये आंघोळ शोधा. मग मधली पानं चाळून पानांचे आकडे ओळीने लागतात का तेही बघा, नाहीतर माझ्यासारखी दोनदा भाजी वाढली जाईल. मुखपृष्ठावर आईच्या गळ्यात ठुशी दिसली तर बहुतेक आतही गडबड असते, हा अनुभव आहे, नियम नाही.

आम्ही जुन्या वळणाची शिवणीची प्रत नक्की केली. सवलत फारशी मिळाली नाही, त्यामुळे प्रत्येक बाकाला एक ऐवजी दोन बाकांना एक आली. विज्ञानाच्या बाईंनी एक प्रत घरी नेली आहे. ‘पोहणे’ पुन्हा वाचून अजून रागच आला, असं त्यांनी सोमवारी सांगितलं, सध्या एकतिसाव्या रात्रीपर्यंत आल्या आहेत. मोठ्या टाइपाची, शिवणीची, मागे शब्दार्थ असलेली पूर्ण आवृत्ती कुणी पाहिली असेल तर प्रकाशकाचं नाव कळवा. पुढच्या वर्षीच्या अनुदानाची मागणी डिसेंबरात पाठवायची असते.